मान्य तफावत

एकतीस वर्षं मी वजनं तपासली.
इतवारीतले सराफ, कॉटन मार्केटचे अडते,
कळमन्याचा तो मिरचीवाला, ज्याच्या पारड्याखाली
चिंचेचा गोळा चिकटवलेला सापडला होता.
शिसं ठोकायचो, शिक्का मारायचो,
कुणाकडे चहासुद्धा घेतला नाही.

आता तपासणी माझी असते,
दर तिसऱ्या मंगळवारी, धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर.
कूलरचं पाणी भिंतीवरून ओघळत असतं,
हेडाऊंची मुलगी दंडाला रबर बांधून म्हणते,
"काका, मूठ वळा."
संध्याकाळी आकडा येतो.
माझ्यासाठी दोन ते तीनच्या मधला हवा.
खाली गेला की रक्त गोठायला बघतं,
वर गेला की कुठूनही वाट काढतं.
आमच्या खात्यात याला मान्य तफावत म्हणत.

मागच्या मे महिन्यात डावी पोटरी सुजली.
म्हटलं, उन्हात हिंडलो, दुसरं काय.
चार दिवस तेल लावून चोळली, शहाण्यासारखी.
पाचव्या दिवशी जिन्याच्या सहाव्या पायरीवर
श्वास संपला.
गाठ पायातून निघून फुप्फुसात पोचली होती.

गोळी मुगाच्या डाळीएवढी.
सोमवारी-गुरुवारी दीड, बाकी दिवस एक,
रात्री नऊला.
पहिल्यांदा ब्लेडने अर्धी केली
आणि दोन्ही तुकडे जुन्या सराफी काट्यावर ठेवून पाहिले.
डावं पारडं बसलं.
हिने काटाच उचलून माळ्यावर टाकला.
"गोळी कापायची डबी मिळते दुकानात. ती आणा."

मारबतीच्या दिवशी महालात नातवाला खांद्यावर घेऊन
घसा बसेपर्यंत ओरडलो,
इडापिडा घेऊन जा गे मारबत,
आणि घरी येऊन न जेवता झोपलो.
सकाळी डबीत कालची गोळी तशीच.
हात लगेच दोन गोळ्यांकडे गेला.
तूट दिसली की भरून काढायची,
एकतीस वर्षांचं हाताला वळण.
डॉक्टर धकाते फोनवर म्हणाले,
"साहेब, हे पारडं नाही.
आजची आज घ्या, दोन घेऊ नका.
कालची राहिली म्हणून वहीत लिहा."
लिहिलं. लाल शाईने.
इतक्या वर्षांत स्वतःच्या नावापुढे पहिल्यांदा.

उमरेडच्या लग्नात गुडघा धरला.
व्याह्यांनी खिशातून पाकीट काढलं,
"घ्या, साधी दुखण्याची आहे."
साधी म्हणून दोन दिवस घेतली, कुणाला न विचारता.
तिसऱ्या सकाळी ब्रश लाल,
आणि दंडावर जांभळा डाग, न लागता उमटलेला.
आकडा आला चार पूर्णांक आठ.
असला काटा मी दुकानातून उचलून नेला असता.
तेव्हापासून पाकिटात चिठ्ठी असते, पैशांच्या आधी दिसेल अशी:
हा माणूस रक्त पातळ करायची गोळी घेतो.
दातवाल्यालाही तीच आधी दाखवतो.

पंचफुला वाडबुदेला मी एकदा दंड केला होता.
दोनशे ग्रॅमचं वजन झिजलेलं.
ती रडली नव्हती, नुसती बघत राहिली होती.
आता दर बुधवारी तिच्याच पथाऱ्यावर जातो.
मेथी-पालक बंद करायचे नाहीत म्हणे,
फक्त आठवड्याला जेवढे, तेवढेच.
"काऊन जी साहेब, दोन जुड्या न्या ना, कवळी हाये."
सव्वाशे ग्रॅम, मी म्हटलं.
"बाप्पा! येवढीशी?"
मग तिला सगळं सांगितलं,
तिथेच, गोण्यांवर बसून, पायातल्या गाठीपासून.

तिच्याकडे आता बॅटरीचा काटा आहे.
मेथी ठेवते, आकडे थरथरतात,
ते थांबेपर्यंत ती माझ्याकडे बघत नाही.
बाकी गिऱ्हाइकांना वरून मूठभर टाकते.
माझ्या वेळी एकशे एकोणतीस दिसले
तर दोन काड्या परत काढून घेते.
"तुमच्या रक्ताले चालत नाई ना जी."